नटाच्या हाताला काम द्या

'स्टिल ॲलिस' (2014) कथेच्या अंगाने पाहिला तर सरधोपटच आहे. कोलंबिया विद्यापीठातली भाषाविज्ञानाची प्राध्यापक, पन्नाशीत जडलेला अल्झायमर आणि मग पायरीपायरीने होणारी घसरण. नवऱ्याच्या नोकरीचं उपकथानक जेमतेम उभं राहतं, समुद्रकिनाऱ्यावरच्या आठवणी तर अगदीच गुळगुळीत. ज्युलियन मूरने चित्रपट तारला, ऑस्करही मिळवलं, हे खरंच. पण एवढं म्हणून थांबलो तर आपल्या पटकथाकारांच्या आणि संकलकांच्या हाती काय लागणार?

जिन्याचा प्रसंग पुन्हा पाहा. बरी असताना ॲलिसने स्वतःसाठीच एक निरोप चित्रित करून ठेवलाय: वर जा, ड्रॉवरमध्ये मागच्या बाजूला गोळ्यांची बाटली आहे, सगळ्या घे. आता आजार बळावलेली ॲलिस तो ऐकते आणि वर जाते. वर पोचेपर्यंत विसरते. खाली येते, पुन्हा ऐकते, पुन्हा वर. शेवटी लॅपटॉपच उचलून सोबत नेते. पडद्यावरची ठाम, नीटनेटकी बाई आणि तिचं आज्ञाधारक मुलासारखं ऐकणारी बाई, दोन्ही मूरच. रडणं नाही, कपाळाला हात नाही. पटकथेने तिला करायला एक साधं काम दिलंय आणि ते तिला जमत नाहीये. आपल्या पोटात गोळा येतो तो त्यामुळे. भाषणाच्या प्रसंगातही तेच: तीच ओळ दोनदा वाचली जाऊ नये म्हणून ती पिवळ्या मार्करने प्रत्येक ओळ रंगवत जाते.

न्यूरॉलॉजिस्टबरोबरच्या पहिल्या भेटीत कॅमेरा ॲलिसच्या चेहऱ्यावरून हलत नाही. डॉक्टरांचा नुसता आवाज. आपल्याकडे तिथे डॉक्टरांच्या गंभीर चेहऱ्याचा शॉट हमखास लागला असता, खाली व्हायोलिनही. दिग्दर्शक रिचर्ड ग्लॅट्झर आणि वॉश वेस्टमोरलँड यांनी तो मोह टाळला. ग्लॅट्झर तेव्हा स्वतः एएलएसने ग्रासलेले होते, बोलता येत नव्हतं, आयपॅडवर टाइप करून सूचना देत होते.

हे आपल्याला जमत नाही असं मुळीच नाही. 'अस्तु' या मराठी चित्रपटात अल्झायमर झालेल्या माणसाच्या भूमिकेत मोहन आगाशे हत्तीच्या मागे चालू लागतात आणि तो माणूस किती दूर गेलाय ते संवादाविना कळतं. पण आजही नवीन पटकथांच्या वाचनात पात्राला काय वाटतंय याचीच पानंच्या पानं ऐकू येतात. त्याच बैठकीत, नट ठरण्याआधी, प्रत्येक प्रसंगाला विचारून घ्या: हे पात्र इथे नेमकं काय करतंय, आणि ते करताना कुठे अडतंय?