जहाजवाल्यांना जाब कोण विचारणार?

कॅलिफोर्नियातल्या बदाम बागायतदाराचे गाऱ्हाणे आमच्या पेडण्याच्या शेतकऱ्याला किंवा वास्कोच्या खारव्याला सांगून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. ज्याचा माल बंदरापर्यंत जातो, त्याला बंदरापलीकडे काय चालते हे ठाऊक असले पाहिजे. शेतात घाम गाळून किंवा रात्रभर लाटांवर काढून पिकवलेला, पकडलेला माल शेवटी कोणाच्या हाती पडतो? परदेशी जहाजकंपनीच्या. भाव व्यापारी ठरवतो, दलाल ठरवतो, असे आपण म्हणतो. पण माल परदेशी जाणार असेल, तर त्या व्यापाऱ्याच्याही मानेवर जहाजभाड्याचा हात असतो, आणि त्याला पडलेला भुर्दंड तो आपल्या पदरचा भरत नाही. तो खाली उतरत उतरत तुमच्या-आमच्या टोपलीपर्यंत येतो.

अमेरिकेत घडले ते असे. २०२० साली महामारी आली. लोक घरी बसले आणि घरबसल्या चीनमधून आलेला माल विकत घेऊ लागले. शांघायहून लॉस एंजलिसला जाणाऱ्या कंटेनरला सोन्याचा भाव आला. ड्र्यूरी ही लंडनची संस्था जगातल्या प्रमुख मार्गांवरील कंटेनर भाड्याची सरासरी काढते. २०१९ साली चाळीस फुटी कंटेनरला ही सरासरी १,४२० डॉलर होती. सप्टेंबर २०२१ मध्ये ती १०,३७७ डॉलरवर गेली. सातपट! जानेवारी २०२२ मध्ये लॉस एंजलिस आणि लाँग बीच या जुळ्या बंदरांबाहेर शंभराहून अधिक जहाजे नांगरासाठी वाट बघत होती.

आता जहाजकंपनीचा हिशेब पाहा. पूर्वेकडून येताना एका कंटेनरला हजारो डॉलर मिळतात, परतीला बदाम, सुका चारा किंवा सोयाबीन नेले तर त्याच्या मानाने चिल्लर मिळते. शिवाय तो कंटेनर आत खेड्यापर्यंत न्यायचा, भरायचा, परत आणायचा, यात आठवडे मोडतात. मग कंपनीने साधा मार्ग धरला. रिकामा कंटेनर रिकामाच जहाजावर चढवायचा आणि चीनला पाठवायचा! गोदामात शेतमाल तयार, तिकडे गिऱ्हाईक तयार, सौदा पक्का, आणि जहाज रिकाम्या पेट्या घेऊन डोळ्यांदेखत निघून जाते. जगातल्या बदामांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतात. तिथल्या शेतकऱ्याला कोणी गरीब म्हणणार नाही. तरीही त्याची ही दशा झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब केला, तेव्हा मे ते सप्टेंबर २०२१ या पाच महिन्यांत एकट्या त्या राज्याच्या शेतमाल निर्यातीचे नुकसान २१० कोटी डॉलरच्या घरात निघाले.

दुसरा जाच डेमरेजचा. कंटेनर बंदरात ठरल्या मुदतीपेक्षा जास्त राहिला तर डेमरेज, बाहेर नेलेला रिकामा कंटेनर वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन. नियम म्हणून यात वावगे काही नाही. दुसऱ्याची होडी मागून आणली तर ती वेळेवर परत द्यावी, हे आपल्या किनाऱ्यावरचे पोरही जाणते. पण होडीच्या मालकानेच धक्क्याला दोरी बांधून वाट अडवली आणि वर उशिराचा दंड मागितला तर? अमेरिकेत नेमके हेच झाले. रिकामा कंटेनर परत घ्यायला बंदरात वेळच दिली जात नव्हती, आणि दंडाचे मीटर मात्र चालू होते. हापाग-लॉइड या जर्मन कंपनीविरुद्धचे असे प्रकरण तिथल्या फेडरल मेरिटाइम कमिशनपुढे चालले, आणि जून २०२२ मध्ये कंपनीने वीस लाख डॉलर दंड भरून ते मिटवले.

हे कमिशन काय आहे, ते जरा सविस्तर सांगायला हवे. आमच्या सगळ्या म्हणण्याचा पाया तोच आहे.

जहाजवाल्यांची एकी काही आजची नाही, आणि तिचा उगम ऐकला तर आपल्याला नवल वाटेल. १८६९ साली सुएझ कालवा उघडला, आगबोटी वाढल्या, भाडी कोसळली. तेव्हा १८७५ साली इंग्रजी कंपन्यांनी एकत्र बसून कलकत्त्याच्या व्यापारासाठी भाडे ठरवून घेतले. जगातली पहिली ‘शिपिंग कॉन्फरन्स’ म्हणतात ती हीच. म्हणजे या विद्येचा श्रीगणेशा आमच्याच मालाच्या पाठीवर गिरवला गेला. पुढे त्यांनी आणखी एक युक्ती काढली. व्यापाऱ्याने सहा महिने फक्त कॉन्फरन्सच्याच बोटीने माल पाठवला तर भाड्यातला काही हिस्सा परत, पण तोही लगेच नाही, आणखी काही महिने तो इमानदार राहिला तरच! एकदा दुसऱ्याच्या बोटीत माल टाकला की साठलेली सगळी रक्कम बुडाली. सावकाराच्या वहीत अडकलेले कूळ आणि हा व्यापारी यांच्यात फरक तो काय?

अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये व्यापारी जहाजे आणि मासेमारी या दोन्ही विषयांची मिळून एक समिती होती. तिने अलेक्झांडर यांच्या अध्यक्षतेखाली या कॉन्फरन्सांची चौकशी केली आणि १९१४ साली अहवाल दिला. त्यावरून १९१६ चा कायदा आला. त्याने ही अडकवणारी सूट बंद केली आणि प्रतिस्पर्ध्याला बुडवण्यासाठी मुद्दाम तोट्यात चालवायची ‘झुंजीची जहाजे’ही बंद केली. मात्र एकत्र येणेच बंद केले नाही. एकत्र या, पण करार सरकारी मंडळापुढे ठेवा, अशी तडजोड झाली. ती तडजोड आजतागायत चालत आली आहे. १९६१ साली त्यासाठी पाच सदस्यांचे स्वतंत्र कमिशन बसले. १९८४ च्या कायद्याने मात्र कमिशनचे दात बरेच बोथट केले: करार दाखल करा, कमिशनने हरकत घेतली नाही तर पंचेचाळीस दिवसांत तो लागू! आणि थांबवायचाच असेल तर कमिशननेच न्यायालयात जावे.

एकत्र येणे सरसकट वाईट, असे आमचे म्हणणे नाही. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी सावड करून बैल वापरले तर दोघांचेही भले होते. रांपण तर शंभर हात लागल्याशिवाय ओढलीच जात नाही. तसे दोन कंपन्यांनी एकाच जहाजात जागा वाटून घेतली तर जहाज भरून जाते, खर्च वाचतो. पण धक्क्यावर पावणी सुरू व्हायच्या आधी सगळे व्यापारी चहाच्या टपरीवर बसून भाव ठरवू लागले, तर ती सावड नव्हे, ती लूट. यातले नेमके काय चालले आहे ते पाहायला कोणीतरी वहीपेन घेऊन उभे असले पाहिजे. आज जगातले बहुतेक मोठे कंटेनर जहाजवाले दोन-चार गटांत वाटले गेले आहेत, तेव्हा हा पहारा अधिकच लागतो.

शेतकऱ्यांची ओरड वाढली आणि अमेरिकेच्या काँग्रेसला जाग आली. कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट जॉन गॅरामेंडी आणि साउथ डकोटाचे रिपब्लिकन डस्टी जॉन्सन, म्हणजे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांची माणसे, एका विधेयकावर आली. जून २०२२ मध्ये ते ३६९ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाले आणि १६ जूनला अध्यक्ष बायडन यांनी सही केली. या कायद्याप्रमाणे वाजवी कारणाशिवाय माल नाकारता येत नाही. डेमरेजच्या बिलात कोणत्या दिवसाचे, कोणत्या नियमाने, किती, हे लिहिले नसेल तर ते भरण्याचे बंधन नाही. आणि आकारणी वाजवी होती हे सिद्ध करण्याचा बोजा जहाजकंपनीवर. गाऱ्हाणे घेऊन आलेल्या शेतकऱ्यावर नव्हे! या एका वाक्याची किंमत कोर्टाची पायरी चढलेल्या माणसालाच कळेल. शिवाय भरलेले किती कंटेनर नेले आणि रिकामे किती, याचा तिमाही हिशेब कंपन्यांनी द्यायचा. पुढे मे २०२४ पासून बिल तीस दिवसांत पाठवलेच पाहिजे असाही नियम झाला.

दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही वाचकांशी लबाडी केली असे होईल. याच कमिशनने दोन वर्षे चौकशी करून मे २०२२ मध्ये निष्कर्ष काढला होता, की भाडी चढली ती मागणी बेसुमार वाढल्यामुळे, कंपन्यांमध्ये स्पर्धा आहे. भाडे ठरवण्याचा अधिकारही कमिशनला नाही. २०२३ च्या अखेरीकडे भाडी आपोआप दीड हजार डॉलरच्या आत आली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने बिल कोणाला पाठवावे याबद्दलचे कमिशनचे कलम रद्द केले. तेव्हा हा कायदा म्हणजे जादूची कांडी नव्हे. पण जहाजवाले जेव्हा म्हणतात की भाव उतरले, आता पहाऱ्याची गरज काय, तेव्हा त्यांना विचारावे: पूर ओसरला म्हणून बांध फोडून टाकायचा काय? पूर फार दूर गेलाही नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि जानेवारी २०२४ मध्ये भाडे पुन्हा चार हजारांच्या जवळ पोचले. फेब्रुवारीत कमिशनने उघड सुनावणी घेऊन या नव्या अधिभारांबद्दल विचारणा केली.

त्याच दिवसांत नाशिकची द्राक्षे युरोपच्या वाटेवर होती. वळशाने प्रवास लांबला, भाडे वाढले. द्राक्ष काही बदाम नव्हे. ते थांबत नाही, आणि मासळी तर त्याहून नाही. दिल्लीत बैठका झाल्या. त्यापलीकडे काय? आपल्याकडे नौवहन महासंचालनालय आहे, स्पर्धा आयोग आहे. पण जहाजकंपनीच्या भाड्याची, अधिभाराची आणि नाकारलेल्या मालाची गाऱ्हाणी ऐकण्यासाठीच बसलेले असे स्वतंत्र मंडळ नाही. उलट २०१३ साली केंद्र सरकारने जहाज-वाटपाच्या करारांना स्पर्धा कायद्यातून सूट दिली, आणि ती पुढे वाढवतही नेली. भाव ठरवण्याला सूट नाही, करारांची प्रत महासंचालकांना द्यावी, अशा अटी त्यात होत्या. अटी चांगल्याच. पण त्या प्रतींवरून कोणी काय तपासले, ते शेतकऱ्याला कोणी कधी सांगितले? युरोपने तर आपली अशी सूट पुनर्विचार करून २५ एप्रिल २०२४ रोजी संपू दिली. ज्याला सूट द्यायची त्याने तिची गरज दर काही वर्षांनी सिद्ध करावी, ही रीत आम्हाला पटते.

परदेशी जहाजवाल्यांची ताकद आपण पूर्वी भोगली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सोबत्यांसह सिंदिया कंपनी काढली, ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, आणि इंग्रजी कंपन्यांनी भाडी पाडून तिला घेरले. १९२३ साली करार करून सिंदियाला दूरच्या समुद्रापासून बाजूला राहणे भाग पडले. त्या वेळी राज्य परक्याचे होते. आज संसद आपली आहे. १९२५ चा सागरी मालवाहतुकीचा कायदा जाऊन शंभर वर्षांनी, २०२५ साली, नवा आला. व्यापारी नौवहनाचा कायदाही त्याच वर्षी नवा झाला. एवढे कायदे एका वर्षात झाले, मग माल पाठवणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकणाऱ्या मंडळासाठी चार ओळींची जागा नव्हती काय?

मच्छीमार बांधवांसाठी आणखी एक गोष्ट. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या याच कमिशनने ‘सोयीच्या झेंड्यां’ची चौकशी सुरू केली. मालक एका देशाचा, खलाशी दुसऱ्या देशाचे आणि झेंडा तिसऱ्याच देशाचा, जिथे कर कमी आणि तपासणी सैल. त्याच महिन्यात, २५ मे रोजी, लायबेरियाचा झेंडा लावलेले ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज केरळच्या किनाऱ्यासमोर बुडाले. ६४० कंटेनर, त्यांतले १३ धोकादायक मालाचे. प्लॅस्टिकचे दाणे किनाऱ्यावर पसरले, मासेमारी थांबली. केरळ सरकारने ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला. हमी म्हणून उच्च न्यायालयाने ठरवली ती १,२२७ कोटींची. केरळला निदान त्याच कंपनीचे दुसरे जहाज विळिंजम बंदरात अडवता आले. कांदोळीच्या किनाऱ्यावर जून २००० मध्ये रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ हलायला बारा वर्षे लागली, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

आमची मागणी फार मोठी नाही. भरलेले आणि रिकामे किती कंटेनर आपल्या बंदरांतून गेले, याचा कंपनीवार हिशेब दर तिमाहीला छापावा. डेमरेजचे बिल कारणासह, मुदतीत आणि वाचता येईल असे असावे. दिलेली सूट संपताना तिचा आढावा उघड घ्यावा, आणि त्यात शेतकरी व मच्छीमारांच्या संस्थांना बोलवावे. यासाठी नवे कार्यालय उभारले नाही तरी चालेल, आहे त्याच खुर्चीवर बसलेल्या माणसाला हे काम नेमून द्यावे. आणि ज्या सहकारी संस्थांचा माल कंटेनरने जातो त्यांनी यंदाच्या हंगामापासून प्रत्येक बिल, प्रत्येक नकाराचे पत्र फायलीत लावून ठेवावे. संसदेत प्रश्न विचारण्याची वेळ येईल तेव्हा आमच्या खासदाराच्या हातात ती फाइल असली पाहिजे.