साक्षीची सही



आपल्या कोणत्याही वस्तीत सरकारी कामावर जाणारी माणसे मोजायला घेतली तर त्यांचे दोन वर्ग पडतात. एक पगारपत्रकावरचा, दुसरा कंत्राटावरचा. दोघेही एकाच इमारतीत जातात. पहिला दहा वाजता येऊन खुर्चीवर बसतो. दुसरी सकाळी सातलाच येऊन ती खुर्ची पुसून, खोलीचा केर काढून पुढच्या मजल्यावर गेलेली असते. दोघांच्याही घरात बाबासाहेबांची तसबीर असते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत दोघेही असतात. मात्र तिच्या पगाराचा कागद त्याच्या टेबलावरून जातो, ही गोष्ट मिरवणुकीत कोणी बोलत नाही. आज त्या कागदाविषयीच लिहायचे आहे.

कंत्राट म्हणजे ठेकेदार आणि साहेब यांच्यातला व्यवहार, आपण कारकून फक्त कागद पुढे सरकवणारे, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. कायद्याने तसे कधीच म्हटलेले नाही. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम १९७० साली झाला. ठेकेदाराने मजुरी दिली नाही किंवा कमी दिली, तर ती मुख्य मालकाने म्हणजे काम देणाऱ्या कार्यालयाने द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी, असे त्यात स्पष्ट होते. केंद्राच्या नियमांत आणखी एक तरतूद होती. मजुरी वाटताना मुख्य मालकाचा प्रतिनिधी हजर पाहिजे आणि रक्कम आपल्या समक्ष कामगाराच्या हातात पडली, असा दाखला त्याने वेतनपुस्तकाखाली सहीनिशी दिला पाहिजे. म्हणजे कायद्याला नुसता शिक्का नको होता, साक्षीदार हवा होता. किती ठिकाणी तो साक्षीदार खरोखर उभा राहिला आणि किती ठिकाणी महिनाभराच्या सह्या एकाच दुपारी उरकल्या, हे सरकारी कार्यालयात काम केलेल्यांना सांगायला नको.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७०च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. मजुरी आता बँकेत जमा करायची आहे. ठेकेदार चुकला तर मुख्य मालकाने द्यायची, ही जबाबदारी मात्र कायम आहे. १९७०च्या मूळ कायद्यात २० कामगारांची मर्यादा होती. नव्या संहितेतील कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० किंवा अधिक कामगार असतील तेथे लागू होतात. म्हणून एकाच कामाचे ४०-४० माणसांचे तुकडे पडताना दिसले, तर ते का पाडले हे निविदा शाखेतल्या माणसाने विचारले पाहिजे. किमान वेतनाला मात्र अशी माणसे मोजण्याची अट नाही. एकच कामगार असला तरी त्याला किमान वेतन दिलेच पाहिजे.

आता थोडा हिशेब करू, कारण अन्याय पुष्कळदा बेरजेतच लपलेला असतो. समजा एका सफाई कामगार भगिनीचे वेतन महिना १५,००० रुपये आहे. त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. विमा आणि प्रशासन खर्च मिळून आणखी १ टक्का, म्हणजे १५० रुपये. राज्य कामगार विम्याचा मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. बेरीज १७,४३७ रुपये ५० पैसे. बोनस, गणवेश, झाडू, फिनेल आणि ठेकेदाराचा नफा यात धरलेलाच नाही. अशा कामासाठी माणशी १६,००० रुपये दराची निविदा आली आणि 'सर्वात कमी दर' म्हणून ती मंजूर झाली, तर उरलेले पैसे कोठून येणार? ठेकेदार ते आपल्या घरून आणत नाही. ते त्या बाईच्या ताटातून निघतात. म्हणून दरांचा तुलनात्मक तक्ता करणाऱ्या कारकुनाने हा हिशेब तक्त्याखाली मांडावा. पाच ओळींचे काम आहे. त्या ओळी नस्तीवर आल्या की पुढे सही करणाऱ्याला 'मला माहीत नव्हते' असे म्हणता येत नाही.

बिल आले की तीन कागद शेजारी शेजारी ठेवावेत: हजेरीपट, बँकेत जमा झालेल्या रकमांची यादी आणि भविष्य निधी व कामगार विम्याच्या चलनासोबतची नावांची यादी. हजेरीपटावर २६ दिवस आणि चलनाच्या यादीत १६ दिवस असतील, तर दहा दिवस कोणी खाल्ले हे लगेच कळते. केवळ चलनाची एकूण रक्कम पाहून समाधान मानू नये. ते चलन दुसऱ्याच कामावरच्या माणसांचेही असू शकते. नावे ताडून पाहिली पाहिजेत.

हे दहा दिवस क्षुल्लक नाहीत. राज्य कामगार विम्यात बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळायची असेल, तर आधीच्या लागोपाठच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. दिवस कमी दाखवले की गरोदर भगिनी दवाखान्याच्या खिडकीवर जाते आणि 'तुमचे दिवस भरत नाहीत' असे ऐकून परत येते. ठेकेदाराने चोरलेले दिवस असे तिच्या बाळाच्या वाट्यातून वजा होतात. हा विमाही आभाळातून पडलेला नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आजारपणाच्या विम्याविषयीचा प्रा. अडारकरांचा अहवाल १९४४ साली त्याच काळात आला आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. किमान वेतनाचे विधेयकही एप्रिल १९४६ मध्ये बाबासाहेबांनीच मध्यवर्ती विधिमंडळात मांडले होते. ज्या दोन गोष्टी ठेकेदार प्रथम बुडवतो, त्या दोन्हींमागे बाबासाहेबांची मेहनत आहे, हे आपल्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने विसरू नये.

बँकेत पैसे गेले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. अनेक वस्त्यांतल्या बाया सांगतात की ए.टी.एम. कार्डे मुकादमाकडे असतात, किंवा पगार झाला की त्यातले दोन-तीन हजार 'वरचे' म्हणून परत द्यावे लागतात. कागद स्वच्छ आणि हात रिकामे. हे कारकुनाला कागदावर दिसणार नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा खुर्चीवरून उठून जिन्यात, गेटवर, कचरागाडीजवळ जाऊन चार माणसांना विचारावे लागेल, "ताई, हातात किती पडले? कार्ड कुणाकडे आहे?" देखरेख म्हणतात ती हीच.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्रुटी काढून बिल अडवले, तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी कामगारांना सांगतो, 'तुमच्याच जातभाईने बिल रोखले, म्हणून पगार नाही.' बायका चिडून कारकुनाच्या दारात येतात आणि ठेकेदार लांबून हसतो. याला घाबरून पुष्कळजण बिल सोडून देतात. पण बिल निघाले नाही म्हणून पगार थांबवण्याचा अधिकार ठेकेदाराला नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झालाच पाहिजे. म्हणून टिपणी लिहिताना 'बिल परत पाठवावे' एवढेच लिहून थांबू नये. कामगारांची मजुरी कार्यालयाने थेट त्यांच्या खात्यात जमा करावी आणि ती ठेकेदाराच्या बिलातून वा सुरक्षा ठेवीतून वळती करावी, असा प्रस्ताव त्याच टिपणीत ठेवावा. असे लिहिले की साहेबाने काय ठरवायचे हे त्याच्यावर राहते आणि ठेकेदाराच्या हातातली ढाल गळून पडते.

कागदाची ताकद मुंबईने पाहिली आहे. महापालिकेच्या कचरा वाहतुकीवरील २,७०० कामगारांसाठी कचरा वाहतूक श्रमिक संघ लढला. ते कंत्राट केवळ दिखाऊ असून कामगार महापालिकेचेच आहेत, असा निवाडा औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. असे दावे भाषणांनी सिद्ध होत नाहीत. कामावर कोण होते, हुकूम कोण देत होते, हजेरी कोण घेत होते, हे दाखवावे लागते. आपण आज लिहिलेला खरा हजेरीपट उद्या कोणाच्या तरी कायम नोकरीचा पुरावा ठरू शकतो.

भगवंतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. सेवकाला शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांनंतरचे कामगार कायदे यापेक्षा फार वेगळे काही सांगत नाहीत. पंचशीलातले दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. दुसऱ्याने घेतलेल्या चोरीवर 'समक्ष अदा केले' अशी सही करणारा ते शील पाळतो काय, याचा विचार ज्याने त्याने करावा. मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल दुःख व्यक्त केले, त्याची आठवण आपण दर ६ डिसेंबरला काढतो. त्या दुःखाला उत्तर द्यायची जागा आपले टेबल आहे.

कंत्राटावरच्या भगिनी-बांधवांनाही थोडे सांगतो. नेमणूकपत्र मागा, तो तुमचा हक्क आहे. ए.टी.एम. कार्ड कोणालाही देऊ नका. भविष्य निधीचा यू.ए.एन. क्रमांक आणि विम्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. कामावर गेलेल्या प्रत्येक दिवसाची कॅलेंडरवर खूण करा. शंका आली तर १० रुपयांच्या शुल्कासह माहितीच्या अधिकारात कंत्राटाच्या करारनाम्याची आणि बिलांची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

आणि विहारांच्या कार्यकर्त्यांना विनंती अशी की, महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर एक टेबल मांडा. वस्तीतला एखादा लेखा शाखेतला माणूस आणि एखादी मोबाइल चालवणारी कॉलेजातली मुलगी तिथे बसवा. बायकांनी पासबुके आणावीत, मुलीने निधीचे खाते उघडून दाखवावे, कारकुनाने दिवस मोजावेत. ज्यांचे दिवस कमी भरतील त्यांचा अर्ज तिथेच लिहावा आणि सोमवारी पोचपावतीसह आवकमध्ये द्यावा. पगारपत्रकावरचा आणि कंत्राटावरची एका टेबलाशी बसतील, तर ठेकेदाराला त्यांच्यामध्ये उभे राहायला जागा उरणार नाही.

जयभीम.