प्रोजेक्टची वही कोण लिहितं?

मे महिन्यात व्हायवाच्या टेबलावर काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या ब्लॅक बुकांची, म्हणजे प्रोजेक्टच्या अंतिम रिपोर्टांची, चळत लागलेली असते. मी चाकणला वाहनांच्या सुट्या भागांच्या चाचणी विभागात काम करते आणि बाह्य परीक्षक म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाते. हल्ली मी ब्लॅक बुक बाजूला ठेवून आधी लॉगबुक, म्हणजे दर आठवड्याच्या कामाची वही, मागते. बहुतेक वेळा ती वही एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेली असते. जुलैपासूनच्या प्रत्येक आठवड्यापुढे गाइडची सही असते आणि सगळ्या सह्या एकाच दिवशी झाल्याचं दिसतं.

याचा दोष मी मुलांना देणार नाही. गुण बाइंडिंग झालेल्या प्रतीला मिळतात, हे त्यांना सीनियर्सकडून पहिल्याच महिन्यात कळलेलं असतं. गाइडकडेही एकाच वेळी अनेक गट, वर नॅक आणि एनबीए मूल्यांकनाच्या फायली. पण या वहीत जे हरवतं, ते ब्लॅक बुकात कधीच सापडत नाही.

नाशिक भागातल्या एका गटाने कांदाचाळीतलं तापमान आणि आर्द्रता मोजून पंखा चालू-बंद करणारं यंत्र केलं होतं. ब्लॅक बुकात एक ओळ होती : ‘डीएचटी-२२ सेन्सर वापरला.’ वहीत मात्र ऑगस्टमधली एक खरीखुरी नोंद सापडली. आधी स्वस्तातला डीएचटी-११ लावला होता. पावसाची झड लागली की चाळीतल्या आर्द्रतेच्या मीटरवरचा आकडा चढायचा, सेन्सर मात्र नव्वदच्या आसपास अडकून बसायचा. मुलांनी डेटाशीट उघडली, तर त्याची आर्द्रतेची मर्यादाच २० ते ९० टक्के. मग सेन्सर बदलला. चार वर्षांत शिकलेलं इंजिनिअरिंग त्या पाच-सहा ओळींत होतं, आणि नेमक्या त्याच ओळी रिपोर्ट ‘व्यवस्थित’ करताना गाळल्या गेल्या होत्या. आमच्याकडे ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा रकाना असतो : काय बदललं, कधी, कोणी. तो रिकामा असेल तर पार्ट पुढे जात नाही.

रिव्ह्यूच्या स्लाइडवर ‘७० टक्के काम पूर्ण’ असं असतं. कशाचे सत्तर टक्के? कुठे अडलंय, या आठवड्यात काय मोजलं आणि त्यामुळे कोणता निर्णय बदलला, एवढंच सांगा. मला टक्के नकोत.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. वही बहुधा गटातल्या मुलीच्या हातात असते. ‘तुझं अक्षर चांगलं आहे, रिपोर्ट तू कर.’ वेल्डिंग, असेंब्ली, टेस्टिंग मुलांकडे. व्हायवात ‘तू काय केलंस?’ असं विचारलं की ती हळूच म्हणते, ‘मॅडम, डॉक्युमेंटेशन.’ तिला मशिनपासून दूर ठेवलं जातं आणि मुलांना लिहिण्यापासून सूट मिळते. दोघांचंही शिक्षण अर्धं राहतं. ज्याने बोल्ट आवळला त्यानेच टॉर्क लिहावा, त्याचं अक्षर कसंही असो.

नोंदींचं मोल मोठ्या कामांत दिसतं. पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा जेमतेम किलोभराचा ‘स्वयम’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला. दोन्ही कामं अनेक वर्षं चालली. सुरुवात करणारी मुलं केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडली होती. बॅचमागून बॅच बदलत असताना असं काम नुसत्या तोंडी सांगण्यावर तडीला जात नाही. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेतही हजारपैकी ३२५ गुण गाडी ट्रॅकवर न आणता मिळतात. त्यातले १५० डिझाइनचे, आणि तिथे परीक्षक खोदून खोदून विचारतात ते ‘असंच का केलंत?’ हेच.

विद्यापीठांनी आणि विभागप्रमुखांनी प्रोजेक्टच्या गुणांतला मोठा वाटा दर आठवड्याच्या नोंदीला द्यावा. प्रत्येकाने आपलं पान आपल्या हाताने, त्याच आठवड्यात लिहावं. गाइडने सहीआधी एक ‘का’ विचारावा. त्यासाठी त्यांच्याकडचे गट कमी करावे लागले तर करावेत. फसलेल्या प्रयोगाची मोजमापांसह नोंद असेल तर तिला पूर्ण गुण मिळावेत, कारण गुण कापले की मुलं अपयश लपवायला शिकतात. आणि कपाटात कुलूपबंद असलेल्या जुन्या वह्या जुलैमध्ये, विषय ठरायच्या आधी, नव्या गटांच्या हातात द्याव्यात. यंदा कांदाचाळीवर काम करणाऱ्या मुलांनी पुन्हा डीएचटी-११ विकत आणायची काहीच गरज नाही.