विश्लेषण : ड्रिल न करता भिंतीवर पॅनेल... गम कोणता, हा दुसरा प्रश्न!

भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. स्वतःच्या घरात भिंतीआड गेलेल्या वायर आणि पाइपांची धास्ती असते. अशा वेळी पीव्हीसी शीट, डब्ल्यूपीसीच्या खाचांच्या पट्ट्या किंवा एमडीएफचे पॅनेल नुसत्या गमाने चिकटवण्याचा पर्याय सोपा वाटतो. हार्डवेअरच्या दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘सगळ्यात पक्का गम कोणता?’ खरे तर आधी विचारायला हवे, ‘ही भिंत चिकटवण्याजोगी आहे का?’

पॅनेल पडते तेव्हा नेमके काय सुटते?

पडलेल्या पॅनेलची पाठ उलटून पाहिली की कारण कळते. गमाला रंगाचे पोपडे किंवा पुट्टीची पांढरी भुकटी चिकटून आली असेल, तर गमाने आपले काम चोख केले. भिंतीवरचा थर सुटला. पॅनेल, गम, रंग, पुट्टी आणि गिलावा अशी ही साखळी आहे. तिच्यातला सगळ्यात कच्चा थर जेवढा भार पेलेल, तेवढाच भार पॅनेल पेलते. डिस्टेंपरवर किंवा चुन्यावर लावलेला महागडा गमही त्या डिस्टेंपरइतकाच भक्कम.

भिंत कशी तपासावी?

- भिंतीवर ओला हात फिरवावा. हाताला रंग किंवा भुकटी लागली तर तो थर खरवडावा लागेल.
- ब्लेडने रंगावर बारीक चौकटी कापून त्यावर रुंद चिकटपट्टी दाबावी आणि झटक्यात ओढावी. रंगाचे तुकडे सोबत आले तर त्या रंगावर भरवसा ठेवू नये.
- प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून २४ तास ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसले किंवा भिंत काळवंडली, तर भिंतीत ओल आहे.

ओल असेल तर पॅनेलचा बेत थांबवलेलाच बरा. पॅनेलने ओल झाकली जाते, जात नाही. आत बुरशी वाढत राहते, पुट्टी फुगते आणि एखाद्या पावसाळ्यात पॅनेल पुट्टीसकट खाली येते. आधी गळती शोधून दुरुस्त करणे हाच उपाय.

कोणता गम कशासाठी?

- पांढरा गम : यातले पाणी सुकल्यावरच तो धरतो. लाकूड किंवा प्लायसारखी पाणी शोषणारी एक तरी बाजू हवी. पीव्हीसी आणि ऑइल पेंट यांच्यामध्ये तो ओलाच राहतो. बाथरूममध्ये नकोच.
- उग्र वासाचा रबरी गम : दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा झाल्यावर दाबायचा. एकदा टेकले की पॅनेल सरकवता येत नाही. यातले द्रावक थर्माकोल विरघळवते आणि पेट घेते. काम चालू असताना खिडक्या उघड्या आणि गॅस बंद हवा.
- सिलिकॉन : व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार आरशाचा मुलामा खराब करतो, सिमेंटवरही नीट धरत नाही. आरसा किंवा धातूसाठी ‘न्यूट्रल’ प्रकार घ्यावा.
- एमएस पॉलिमर किंवा पीयू : हवेतील दमटपणाने पक्के होतात आणि पक्के झाल्यावरही थोडे लवचीक राहतात. पीव्हीसी आणि डब्ल्यूपीसीसाठी बहुतेक घरांत हाच सरस पर्याय.
- दुहेरी फोम टेप : गुळगुळीत टाइल किंवा काचेवर, हलक्या वस्तूंसाठी. खरबरीत भिंतीवर तिचा फारच थोडा भाग टेकतो.

लवचीकपणा का महत्त्वाचा? पीव्हीसी उन्हाने फुगते. १० फुटी पट्टीचे तापमान २० अंशांनी वाढले, तर तिची लांबी साधारण ३ ते ५ मिलिमीटरने वाढते. कडक गम ही हालचाल सहन करत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर पट्ट्यांच्या टोकांना फट सोडायची ती यासाठीच.

लावताना काय पाहावे?

सैल थर खरवडून, धूळ पुसून, प्राइमर मारून तो सुकू द्यावा. गम उभ्या रेघांत लावावा. मध्ये हवा खेळली नाही, तर दमटपणावर पक्का होणारा गम आतून मऊच राहतो. असा गम दिवसाला २-३ मिलिमीटर खोलीपर्यंतच पक्का होतो. तोवर टेकू काढू नये. जड पॅनेलची खालची कड जमिनीवर किंवा स्कर्टिंगवर टेकवावी. वजन खाली जाते, गमाला फक्त धरून ठेवावे लागते.

गमावर कुठे विसंबू नये?

१० जुलै २००६ रोजी अमेरिकेतील बोस्टनमध्ये एका बोगद्याच्या छताचे काँक्रीट पॅनेल मोटारीवर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. छताचे बोल्ट इपॉक्सीने बसवलेले होते. सततच्या भाराखाली ते इपॉक्सी हळूहळू सरकत गेले, असा निष्कर्ष तपास यंत्रणेने काढला. घरातले पॅनेल तेवढे जड नसते, पण नियम तोच : पहिल्या दिवशी दिसलेली पकड पाचव्या वर्षी तशीच राहील असे नाही. १२ मिलिमीटरचे ८ बाय ४ फुटी एमडीएफ सुमारे २५ किलोचे असते. छत, पलंगाची उशाकडची बाजू आणि पाळण्यावरची भिंत, इथे जड पॅनेलला स्क्रूच हवेत. गॅसच्या शेगडीमागे तर पीव्हीसी पॅनेलच नको.

भोक नाही म्हणजे नुकसान नाही?

हा समज भाडेकरूंना सगळ्यात महाग पडतो. चार भोके पुट्टीने अर्ध्या तासात बुजतात. पक्क्या गमाचे पॅनेल उपटताना रंग, पुट्टी आणि कधी गिलाव्याचे टवकेही निघतात. मग अख्खी भिंत नव्याने करावी लागते आणि तो खर्च डिपॉझिटमधून कापला जातो. घर सोडायचेच असेल, तर मालकाकडून चार भोकांची लेखी परवानगी घेणे अधिक शहाणपणाचे.

कारागिराच्या कोटेशनमध्ये पॅनेल आणि ट्यूबचा दर असतो. भिंत खरवडणे, प्राइमर आणि ओलीची तपासणी यांची ओळही त्यात हवी, असा आग्रह ग्राहकानेच धरला पाहिजे. या कामाचे पैसे वाचवले, की पुढे महाग गमावर केलेला खर्चही वाया जातो.