क्लब आम्ही सोडत नाही, क्लब आम्हाला सोडतात

कोल्हापुरात फुटबॉलचा खेळाडू आपली तालीम सोडून दुसऱ्या तालमीकडून मैदानात उतरला, की शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून त्याचा उद्धार होतो. तिथं ते एक वेळ ठीक आहे, कारण तालीम पिढ्यान्‌पिढ्या जागेवर असते. पण व्यावसायिक फुटबॉलमध्ये मी विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलो, तेव्हाही लोकांनी तोच न्याय लावला. ‘एका जागी टिकत का नाहीस?’ असं नातेवाइकांनी विचारलं, लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांनीही विचारलं.

खेळाडूनं टिकायचं तर आधी क्लब टिकायला हवा. महाराष्ट्रापुरतंच बघा. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. 2012-13 च्या आय-लीगचा उपविजेता पुणे एफसी आज नाही. भारत एफसी 2015 मध्ये एकच हंगाम खेळून आटोपला. 2017 मध्ये मुंबई एफसी गेला, 2019 मध्ये एफसी पुणे सिटी. दर वेळी अख्खी ड्रेसिंग रूम रस्त्यावर आली. यात निष्ठा कुणी मोडली?

मी स्टॉपर बॅक. गोल मारणाऱ्याच्या दारात एजंट येतात. स्टॉपरला बूट घेऊन ट्रायलला जावं लागतं. खालच्या डिव्हिजनमध्ये करार हंगामापुरता असतो. स्पर्धा काही महिन्यांत संपली की पगारही थांबतो. मग माझ्यासारखे केरळात सेव्हन्स खेळायला जातात. मलप्पुरमकडं कापणी झालेल्या भातशेतात सुपारीच्या खोडांची गॅलरी बांधतात, दिवे लावतात आणि सात-सात जणांची मॅच रात्री सुरू होते. संपल्यावर मॅनेजर बाजूला बोलावतो आणि नोटा मोजून हातावर ठेवतो. घामाचा बनियन अंगावर असतानाच हिशेब पुरा! हा रोकडा व्यवहार मला लेटरहेडवाल्या क्लबांत क्वचितच दिसला. मात्र सेव्हन्समध्ये गुडघा गेला तर तो तुमचा एकट्याचा. माझा गेला तो एका क्लबच्या सरावात. करार संपत आला होता, लिगामेंटच्या ऑपरेशनचं बिल घरच्यांनी भरलं.

इंग्लंडमध्ये जेफरसन लुई नावाचा स्ट्रायकर चाळीसहून अधिक क्लबांकडून खेळला, बहुतेक खालच्या लीगमध्येच. आपल्याकडं त्याची टिंगल झाली असती. मला त्याचा हेवा वाटतो, कारण एका क्लबनं नको म्हटलं तरी त्याला जायला दुसरा क्लब होता. तिथं वरच्या चार डिव्हिजनमध्येच 92 क्लब आहेत, त्याखाली आणखी लीगांची उतरंड आहे. खेळाडूंची संघटना तर 1907 पासून आहे. आपल्याकडं कागद भक्कम आहेत, वापर कच्चा आहे. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी नोटीस देऊन, पंधरा दिवस वाट पाहून खेळाडू करार मोडू शकतो, असा फिफाचा नियम आहे. पण करार मोडून जायचं कुठं?

म्हणून 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला याचा अभिमान बाळगतानाच, तिथवर न पोचणाऱ्यांचाही विचार करा. क्लबनं हंगामाआधी किमान दोन महिन्यांचा पगार फुटबॉल संघटनेकडं अनामत ठेवावा. मागची थकबाकी चुकती केल्याशिवाय नव्या खेळाडूंची नोंदणी होऊ देऊ नये. आणि मैदानावर झालेल्या दुखापतीचा खर्च करार संपल्यावरही क्लबनंच भरावा. यासाठी नवं स्टेडियम लागत नाही. ज्याला एवढंही परवडत नाही, त्यानं क्लब काढू नये. हौसेपुरती एखादी स्पर्धा भरवावी आणि बक्षीस त्याच संध्याकाळी देऊन टाकावं.