झोपलेला जंतू

सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत कुणाला टीबी झाला, की पहिले दोन महिने घरदार धावपळ करते. मग खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस धरते. माणूस म्हणतो, "आता कशाला गोळ्या? खाडे किती करू?" खरा धोका इथेच आहे. त्याचे कारण जंतूच्या पोटात आहे.

टीबीचा जंतू स्वतःच्याच अंगात विष तयार करतो. ते आपल्यासाठी नसते, त्याच्या स्वतःसाठी असते! 'मॅझएफ' ही त्यातलीच विषारी प्रथिने. जंतूच्या आतले काम ज्या निरोपांवर चालते, ते निरोपच ती कापून टाकतात. विषासोबत जंतू उताराही बनवतो. पण उतारा लवकर नासतो, तो सतत ताजा लागतो. उपासमार झाली, औषधाचा मारा झाला, की उतारा संपतो आणि विष उरते.

१९९६ साली जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी आतड्यातल्या 'ई. कोलाय' जंतूबाबत मांडले, की अशा वेळी जंतू स्वतःच मरतो. मात्र विष बेताचे असेल तर तो मरत नाही, काम थांबवून झोपून राहतो. बरीचशी औषधे जाग्या जंतूवर घाव घालतात, झोपलेला वाचतो. २०१५ साली फरिदाबादच्या संशोधकांनी टीबीच्या जंतूतली अशी तीन प्रथिने काढून टाकली. तो जंतू औषधापुढे कमी टिकला, गिनीपिगमध्ये रोगही कमी झाला.

म्हणून साध्या टीबीलाही सहा महिने गोळ्या लागतात. मध्येच सोडल्या तर झोपलेला जागा होतो, पुढे औषधाला दाद न देणाराही होऊ शकतो. २०१२ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी असे चार रुग्ण नोंदवले, की तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूवर चालेना.

पण दोष एकट्या रुग्णाचा नाही. रोजी बुडते, शिवाय घरातच त्याचे ताट-पेला वेगळा होतो. टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताटातून नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वेगळ्या पेल्याचा अपमान गिळला, त्यांच्याच घरात हा विटाळ? आजारी भिक्खूला सगळ्यांनी टाकले, तेव्हा तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः अंघोळ घातली होती.

सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये मिळतात; नाव नोंदवा, बँकखाते द्या. खोकणाऱ्याच्या तोंडाला रुमाल, घराची खिडकी उघडी आणि गोळ्या डॉक्टर थांबवतील तेव्हाच बंद. एवढे आपल्या घरापासून सुरू करा.

जयभीम!