एका डोळ्याची पांढरी चमक

मुलाचा डोळा लाल झाला, चिकटला, त्यातून पाणी येऊ लागले की घरात लगेच धावपळ होते. पण काही आजारांत डोळा लालही होत नाही, दुखतही नाही आणि नजर मात्र आतून जात असते. टॉक्सोकारा नावाच्या जंतामुळे होणारा डोळ्याचा आजार त्यांपैकीच एक. या महिन्यात आम्ही त्याची ओळख करून देत आहोत.

हा जंत कुत्र्याच्या, विशेषतः लहान पिलांच्या, आतड्यात राहतो. मांजरातही त्याचा एक भाऊबंद असतो. विष्ठेवाटे त्याची अंडी मातीत पडतात. ताज्या अंड्यांनी लागण होत नाही; साधारण २ ते ४ आठवड्यांनी ती लागण करण्याजोगी होतात आणि पुढे कित्येक महिने मातीत टिकतात. मूल त्या मातीत खेळते आणि तोच हात तोंडात घालते. पोटात अंड्यातून निघालेली अळी रक्तावाटे फिरत कधी कधी डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचते, तीही बहुधा एकाच डोळ्यात. म्हणून घरात कुत्रा-मांजर नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

एक डोळा अधू झाला तरी दुसरा सगळे काम निभावून नेतो, त्यामुळे मूल तक्रार करत नाही. लक्ष आईवडिलांनीच ठेवायचे. डोळा तिरळा दिसू लागणे, बाहुलीत पांढरी झाक दिसणे, फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येणे, या खुणा आहेत. खेळता खेळता मुलाचा एकेक डोळा हाताने झाकून पाहा. एक डोळा झाकल्यावर मूल शांत राहते आणि दुसरा झाकल्यावर हात झटकते, असे झाले तर थांबू नका.

बाहुलीत पांढरी झाक लहान मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगातही दिसते, हे सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकेत १९५० साली हेलेनॉर वाइल्डर यांनी मुलांचे काढून टाकलेले ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांतले बरेच कर्करोगाच्या शंकेने काढलेले होते. २४ डोळ्यांत जंताची अळी किंवा तिच्या खुणा सापडल्या! आज तपासणीची साधने पुष्कळ सुधारली आहेत. पण दोन्ही आजारांतला फरक नेत्रतज्ज्ञच करू शकतात.

ते थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडदा तपासतात. लहान मुलाला त्यासाठी भूलही द्यावी लागते. डोळ्याच्या सोनोग्राफीत चुन्याचे कण दिसले तर कर्करोगाची शंका बळावते. रक्तात टॉक्सोकाराविरुद्धची प्रतिद्रव्ये तपासतात. मात्र आजार फक्त डोळ्यात असेल तर त्यांचे प्रमाण कमी, कधी शून्यही येते. म्हणजे रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला की आजार नाहीच, असे नाही. शौचाच्या तपासणीचा तर यात उपयोगच नाही, कारण माणसाच्या आतड्यात ही अळी वाढून अंडी घालत नाही. क्वचित डोळ्यातले पाणी काढून तपासतात. पण कर्करोगाची शंका असेल तर डोळ्यात सुई घालणे टाळतात, कारण त्याने रोग पसरू शकतो.

उपचार मुख्यतः आतली सूज उतरवण्याचे असतात. पडदा ओढला गेला असेल तर शस्त्रक्रिया लागते. गेलेली नजर नेहमी परत येत नाही, पण वेळीच गेल्यास उरलेली वाचवता येते. म्हणून नजर लागली म्हणत उतारा करण्यात किंवा सुरमा, मध, गुलाबजल घालून पाहण्यात आठवडे घालवू नका. बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिसे असते, ते मुलांना वेगळेच घातक. दुकानातून जंताचे औषध आणून परस्पर देऊ नका.

बचाव मात्र आपल्या हातात आहे. खेळून आल्यावर आणि दस्तरखानावर बसण्याआधी मुलांचे हात साबणाने धुवा, नखे कापा. कोथिंबीर, मुळा, गाजर नीट धुऊन घ्या. घरात मांजर असेल तर पशुवैद्यांकडून तिला वेळोवेळी जंताचे औषध द्या आणि तिची घाण रोजच्या रोज उचला. अंडी लागण करण्याजोगी होण्याआधीच ती निघून जातात. बांधकामाची वाळू दारात पडली असेल तर झाकून ठेवा. मुलांना ती फार आवडते आणि मांजरांनाही!